माणूस आहे तोवर विचारा

यवतमाळ जिल्ह्यातल्या गरीब घरात कॅमेरा येतो तो बहुतेक वेळा घरातलं माणूस गेल्यावर. गेली पंचवीस-तीस वर्षं हे असंच चाललं आहे. शेतकऱ्यानं जीव दिला की दोन-चार दिवसांत गावात गाड्या येतात. त्याच्या बायकोला भिंतीशी बसवलं जातं, हातात नवऱ्याचा फोटो दिला जातो आणि प्रश्न सुरू होतात. कर्ज किती होतं? बँकेचं की सावकाराचं? शेत किती, पोरं किती? दहा मिनिटांत काम आटोपतं आणि गाड्या जातात. तिथंच खाटेवर गेलेल्या माणसाची म्हातारी आई बसलेली असते. तिला कुणी काही विचारत नाही.

खरं तर त्या घराबद्दल सगळ्यांत जास्त तिलाच ठाऊक असतं. ते शेत कुणी घेतलं आणि काय मोडून घेतलं, त्यात आधी काय पिकायचं, विहीर कोणत्या साली खोदली आणि पाणी किती हातांवर लागलं, पहिलं कर्ज कशापायी काढलं, हे सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालेलं असतं. तिला सलग दोन तास बोलू दिलं तर एका घराच्या तीन पिढ्यांचा हिशेब समोर येईल. पण तशी सवड काढून कुणी तिच्याकडे येत नाही. पाच-सात वर्षांनी तीही जाते आणि तिच्याबरोबर तो हिशेबही जातो.

हा लेख तिच्यासाठी आहे, आणि तिच्या नातवंडांसाठी. घरातल्या, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या आयुष्याबद्दल विचारावं, त्यांचं बोलणं व्हिडिओवर नोंदवावं आणि पुढच्या पिढ्यांसाठी नीट जपून ठेवावं, एवढंच मला सांगायचं आहे. हे काम जगात अनेक ठिकाणी झालं आहे आणि महाराष्ट्रातही झालं आहे. यवतमाळात ते गावोगाव व्हायला हवं, कारण या जिल्ह्याबद्दल लिहिलं गेलं ते बहुतेक मरणाच्या अंगानं. 19 मार्च 1986 रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी बायको आणि चार लेकरांसह पवनारजवळ आयुष्य संपवलं. तेव्हापासून राज्यातल्या शेतकरी आत्महत्यांचा इतिहास सांगताना याच गावापासून सुरुवात करतात. साहेबराव गावाचे सरपंच राहिलेले, संगीताची आवड असलेले गृहस्थ होते. लोकांच्या लक्षात मात्र त्यांची शेवटची तारीख राहिली. 2017 साली शेतकऱ्यांना-मजुरांना फवारणीतून विषबाधा झाली तेव्हाही कॅमेरे दवाखान्याच्या वॉर्डात आले. बातमीला हे लागतंच, त्यात बातमीदाराचा दोष नाही. पण एखाद्या मुलखाची ओळख फक्त बातमीतून होऊ लागली की तिथली माणसं कशी जगली हे सांगणारं काहीच मागे उरत नाही.

काय काय जातंय

वयाचा हिशेब मांडून पाहू. वणीत जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांनी 10 जुलै 1930 रोजी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला. त्या दिवशी पुसदच्या रानात दहा वर्षांचा असलेला पोर आज शंभरी ओलांडलेला असेल. म्हणजे ती पिढी संपली. अण्यांच्या सत्याग्रहाच्या नोंदी सापडतील, पण गवत कापायला मागे गेलेल्या गावकऱ्यांना काय वाटलं, जंगलखात्याच्या शिपायाची त्यांना किती धास्ती होती, सरपणाची मोळी आणायला किती पैसे द्यावे लागत, हे सांगणारं आता कुणी नाही.

1948 चं मात्र अजून थोडं हाती लागू शकतं. पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड, पलीकडे निजामाचं राज्य. उमरखेडच्या बाजूच्या गावांना नदी ही राज्याची सीमा होती. रझाकारांच्या काळात पलीकडची कुटुंबं अलीकडच्या नातेवाइकांकडे आली. त्या वेळी आठ-दहा वर्षांची असलेली माणसं आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. रात्री नदी कशी ओलांडली, बरोबर काय घेतलं, मागे काय ठेवलं, सप्टेंबरात भारताच्या फौजा आल्यावर परत कोण गेलं आणि कोण इथंच राहिलं, हे एकेका घरापुरतं सांगू शकतील अशी मोजकीच माणसं उरली आहेत. त्यांच्यासाठी फार तर चार-पाच वर्षं हातात आहेत.

1972 च्या दुष्काळाची गोष्ट वेगळी. त्या वर्षी विशीत असलेली माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत आणि त्यांची आठवण धडधाकट आहे. त्याच सुमारास कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी सुरू झाली. तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री याच जिल्ह्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक होते. खरेदी केंद्राबाहेर बंड्यांची रांग, बंडीखाली काढलेल्या रात्री, ग्रेडरनं कापसाची मूठ उचलून लावलेली प्रत आणि त्या एका मुठीवर अवलंबून असलेलं लेकीचं लग्न, हे सगळं भोगलेली पिढी अजून आपल्या ओसरीवर बसलेली आहे. गावरान कापूस, मग 1970 नंतर संकरित वाण, मग 2002 नंतर बीटी, ही तीनही युगं एकाच माणसानं पेरली आणि वेचली, असं याच पिढीत घडलं. पुढे तसा माणूस भेटणार नाही.

आणि शकुंतला. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा मोतीबाग करत यवतमाळला येणारी ही अरुंद मापाची गाडी. सुमारे 113 किलोमीटरचा हा मार्ग किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीनं वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घातला. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी याची मालकी खासगीच राहिली. 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन या मार्गावर 15 एप्रिल 1994 पर्यंत धावलं. पुढे डिझेल आलं आणि गेल्या दशकात गाडीच थांबली. फेब्रुवारी 2024 मध्ये वर्धा ते कळंब हा नव्या ब्रॉडगेज मार्गाचा टप्पा सुरू झाला. जिल्ह्याला मोठी रेल्वे हवीच होती आणि ती आली याचा आनंद आहे. पण शकुंतलेच्या इंजिनात कोळसा टाकलेले, हातानं फाटक उघडून गाडी पुढे काढणारे, स्टेशनात उतरून तिकिटं देणारे कर्मचारी आता सत्तरी-ऐंशीत आहेत. या गाडीची मालकी, करार, मापं आणि वर्षं कागदावर मिळतात. चढावर गाडी दमली की काय करत, पावसाळ्यात रूळ कुठे दबत, कोणत्या गावची बाई दुधाची कॅन घेऊन रोज चढायची आणि तिच्यासाठी गाडी किती थांबायची, हे कागदावर नाही. ते फक्त त्या माणसांकडे आहे.

म्हाइंभटाची रीत

माणसांना विचारून त्यांच्या आठवणी नोंदवणं हे काही परदेशातून आलेलं नवं खूळ नाही. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथच अशा विचारपुशीतून उभा राहिला. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांच्या सहवासातली माणसं रिद्धपूरला, म्हणजे आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, जमली. नागदेवाचार्य स्वामींच्या आठवणी काढत, सांगत. म्हाइंभटाच्या ध्यानात आलं की ही माणसं आहेत तोवरच या आठवणी आहेत. त्यानं त्या लिहून घ्यायला सुरुवात केली. जिथे जिथे स्वामी राहिले, ज्याला ज्याला भेटले, त्या माणसांना गाठून विचारलं, पडताळलं आणि इ.स. 1278 च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं.

त्याच्या कामात आजही शिकण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. पहिली, त्यानं फक्त मोठे प्रसंग निवडले नाहीत. स्वामी काय जेवले, कुठे थांबले, कुणाशी कोणत्या बोलीत बोलले, कोण रुसलं, कोण आजारी पडलं, असले बारीकसारीक तपशील त्यात आहेत. म्हणून तेराव्या शतकातला महाराष्ट्र आज आपल्याला दिसतो. दुसरी, ज्यांचं शिक्षण नाही, ज्यांना समाजात मान नाही, अशांचीही आठवण त्यानं ग्राह्य धरली. बायकांच्या आठवणींना त्यात मोठी जागा आहे. तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. महानुभावांच्या परंपरेत एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळल्या नाहीत तर एक खोडून दुसरी ठेवली नाही. अमक्याच्या आठवणीप्रमाणे असं, तमक्याच्या आठवणीप्रमाणे तसं, अशी सांगणाऱ्याच्या नावासकट दोन्ही नोंदवली. पुढे धाडीत मूळ पोथी गेली, तेव्हा ज्यांना ती पाठ होती त्यांच्याकडून ती पुन्हा जुळवली गेली. त्यात हिराइसा या शिष्येच्या पाठाला मोठं वजन आहे. एका बाईच्या स्मरणशक्तीनंही मराठीचा आद्य गद्यग्रंथ वाचवला.

यवतमाळशी या परंपरेचं नातं जवळचं आहे. यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे यांनी महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासाला आयुष्य वाहिलं आणि शारदाश्रम ही संशोधनसंस्थाही याच शहरातली. आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींचा संग्रह व्हायला याहून योग्य भूमी कोणती?

जातं थांबल्यावर

अलीकडच्या काळात महाराष्ट्रात झालेलं असं एक फार मोठं काम म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि त्यांचे सहकारी गी प्वातवाँ यांनी कार्यकर्त्यांच्या मदतीनं हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तीन हजारांहून अधिक बायांनी त्या गायल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांची संगणकावर रचना केली आणि त्यातल्या काही ध्वनिमुद्रित केल्या. गावात पिठाची गिरणी आली आणि जातं थांबलं. जातं थांबलं की ओवीही थांबणार हे राईरकरांनी वेळीच ओळखलं होतं. पुढे पी. साईनाथ यांनी 2014 साली सुरू केलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’, म्हणजे ‘परी’नं हा संग्रह हाती घेतला. त्यांची माणसं व्हिडिओ कॅमेरा घेऊन त्याच गावांत पुन्हा गेली. काही गायिका वारल्या होत्या. काही भेटल्या, जात्याशी बसल्या आणि पुन्हा गायल्या. आधीच्या ध्वनिमुद्रणात फक्त आवाज होता. आता खुंट्यावरची मूठ दिसते, समोरासमोर बसलेल्या दोघींची एका लयीत पुढे-मागे होणारी अंगं दिसतात, आणि एकीला ओळ आठवेना तर दुसरी कशी उचलून धरते तेही दिसतं.

‘परी’नंच स्वातंत्र्यलढ्यातल्या शेवटच्या माणसांना कॅमेऱ्यासमोर बोलतं केलं. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ गाडीवर छापा घालून सरकारी पगाराची रक्कम ताब्यात घेणाऱ्या तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, कुंडलला भेटले. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई पाटील बोलल्या. हौसाबाई सप्टेंबर 2021 मध्ये गेल्या, कॅप्टन भाऊ फेब्रुवारी 2022 मध्ये. साईनाथांचं ‘द लास्ट हीरोज’ हे पुस्तक 2022 च्या अखेरीस आलं तेव्हा ते वाचायला दोघंही नव्हते. पण ते बोलताना आज कुणालाही दिसतात.

त्याआधी, 1989 साली, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक केलं. आंबेडकरी चळवळीत राबलेल्या बायांना गाठून त्यांच्या मुलाखतींतून ते उभं राहिलं. त्या दोघी गेल्या नसत्या तर चळवळीचा इतिहास पुरुषांच्या भाषणांपुरताच राहिला असता. इतिहासाचं दार कुणी ठोठावायचं आणि कुणाचं ठोठावायचं, हे या पुस्तकानं मराठीला शिकवलं.

जगातही असंच झालं आहे. नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या मुलाखती 1979 साली अमेरिकेत न्यू हेवनला व्हिडिओवर घेणं सुरू झालं. 1994 साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी त्यासाठी संस्थाच काढली आणि पन्नास हजारांहून अधिक माणसांच्या साक्षी जमा केल्या. भारत-पाकिस्तानच्या फाळणीचं एवढं मोठं काम मात्र 2011 च्या सुमारास, सहा दशकांहून अधिक काळ लोटल्यावर सुरू झालं. तेव्हा एकेक म्हातारा जाण्याआधी त्याच्या दारी पोहोचण्यासाठी स्वयंसेवकांना धावपळ करावी लागली, तरी दहा हजारांहून अधिक आठवणी वाचल्या. मोठा आघात झालेल्या समाजाला आठवणी नोंदवण्याचं सुचतं, पण उशिरा सुचतं. यवतमाळनं तो उशीर करू नये.

ओसरीवरची बैठक

आता प्रत्यक्ष काम कसं होतं ते पाहू. साधनांची अडचण आता राहिलेली नाही. खेड्यातल्या कॉलेजच्या पोराकडे जो फोन आहे तो पुरेसा आहे. तीन-चारशे रुपयांचा कॉलर माईक लावला तर आवाज स्वच्छ येतो. आजीला घरात अंधारात बसवू नये आणि दाराकडे पाठही करून बसवू नये, चेहरा काळा दिसतो. ओसरीवर, उजेडाकडे तोंड करून तिच्या नेहमीच्या जागी बसवावं. फोन आडवा धरून एखाद्या डब्यावर टेकवावा, म्हणजे हात हलत नाही. कूलर आणि टीव्ही बंद करावा. कोंबडा आरवला, गाय हंबरली तर थांबवू नये. तीही त्या घराची नोंद आहे.

खरी अडचण पहिल्या प्रश्नाची असते. “तुमच्या आयुष्याबद्दल सांगा,” असं म्हटलं की बहुतेक म्हातारी माणसं बावरतात. “आमचं काय हाये सांगासारखं? कष्टच केले जलमभर,” एवढं बोलून गप्प होतात. जन्मतारीख विचारू नये. आधार कार्डावर 1 जानेवारी असते, शाळेच्या दाखल्यावर 1 जुलै, आणि खरी कुणालाच माहीत नसते. त्यापेक्षा विचारावं, तुम्ही लहान होता ते घर कसं होतं? दारातून आत गेल्यावर आधी काय लागायचं? चूल कुठे होती? मग आजी डोळे मिटते आणि त्या घरात शिरते. तिथून पुढे फार विचारावं लागत नाही. ती साल सांगणार नाही. दुष्काळाचं वर्ष, मोठ्या पुराचं वर्ष, धाकटी पोटात होती ते वर्ष, असं सांगेल. ते तसंच राहू द्यावं. साल नंतर जुळवता येतं.

ती थांबली की लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. म्हातारं माणूस गप्प बसतं तेव्हा बहुधा काहीतरी आठवत असतं. त्या अर्ध्या मिनिटात घाई केली की जे येणार होतं ते येत नाही. आणि मुलगा किंवा सून शेजारी बसून “नाही माय, तसं नव्हतं” असं दुरुस्त करत असेल तर त्याला प्रेमानं चहा करायला पाठवावं. त्याची आठवण वेगळी घ्यावी. म्हाइंभटाच्या रीतीप्रमाणे दोन्ही ठेवाव्यात.

आवाज घेतला तर पुरे नाही का, असं लोक विचारतात. पेरणीचं विचारून पाहा. तिफणीच्या चाड्यावर मूठ कशी धरायची हे सांगताना आजीचे शब्द अपुरे पडतात, पण तिचा उजवा हात आपोआप वर येतो, मूठ वळते आणि अंगठा बियाणं सोडू लागतो. किती दाटीनं पेरायचं, बैल जलद चालले तर मूठ कशी सैल करायची, ओल कमी असेल तर काय, हे सगळं त्या बोटांत आहे. कितीतरी वर्षं ट्रॅक्टरनं पेरणी होऊनही ते बोटांतून गेलेलं नाही. वेचणीचंही तसंच. वेचणीच्या सुरुवातीला दहीभाताचा नैवेद्य दाखवून केलेली सीतादही, कमरेला बांधलेली ओटी, एका हातानं बोंड धरून दुसऱ्या हातानं पऱ्हाटीचा पाला न येऊ देता कापूस ओढणं, आणि शेवटी हंगाम संपवणारी उलंगवाडी. कॅमेरा चेहऱ्यावरून हातांवर नेता आला पाहिजे. आजोबा चालू शकत असतील तर त्यांना बांधावर घेऊन जावं. घरात दहा मिनिटांत संपलेलं बोलणं शेतात तासभर चालतं, कारण प्रत्येक झाडाशी काहीतरी घडलेलं असतं.

त्यांच्या बोलीत

यवतमाळ म्हणजे एकच मराठी नाही. केळापूर, मारेगाव, झरी-जामणीकडच्या कोलामांच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, कोलामी बोलतात. कोलाम हे राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. 2011 च्या जनगणनेत कोलामी ही मातृभाषा सांगणारे देशभरात मिळून सव्वा लाखाच्या घरात होते. या भाषेवर अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मरी एमिनो यांनी 1955 साली ग्रंथ लिहिला. त्यात व्याकरण मिळतं. पोडावरच्या म्हाताऱ्याचं जगणं मात्र पोडावरच्या म्हाताऱ्याकडेच मिळेल. गोंडी, बंजाऱ्यांची गोरबोली, पारध्यांची बोली यांचंही असंच आहे. या माणसांना मराठीत बोलायला लावलं की ती पाहुण्यासारखी बोलतात, तोलून-मापून. नातवानं किंवा नातीनं त्यांच्या बोलीत विचारलं तर हसतात, रागावतात, गातात. म्हणून प्रश्न विचारणारा त्याच पोडावरचा, त्याच तांड्यावरचा हवा. मराठी भाषांतर खाली अक्षरांत नंतर घालता येतं.

फासेपारध्यांचं तर आणखी वेगळं आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं त्यांच्यासारख्या जमातींवर जन्मतःच शिक्का मारला. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला, शिक्का मात्र लोकांच्या मनातून गेला नाही. त्यांच्याबद्दल लिहिलेलं जुनं जे काही आहे ते बरंचसं पोलिसांच्या दप्तरातलं आहे, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेलं. पारधी आजी स्वतःच्या तोंडानं आपल्या लहानपणाबद्दल बोलली तर त्या दप्तराला पहिल्यांदा उत्तर मिळेल.

सांगणाऱ्याचा हक्क

एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. आठवण सांगणाऱ्याची असते. ज्यानं चित्रण केलं त्याची नसते. आजी सासुरवासाबद्दल बोलते, एखाद्या मेलेल्या लेकराबद्दल बोलते, गावानं पाण्यावरून केलेल्या अपमानाबद्दल बोलते. ती ते नातवाला सांगते आहे, साऱ्या जगाला नाही. दुसऱ्या दिवशी तिचं रडणं गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलं तर तो विश्वासघात आहे. म्हणून चित्रण झाल्यावर ते तिला दाखवावं. काय घरापुरतं, काय गावापुरतं, काय सगळ्यांसाठी आणि काय मी गेल्यावरच, हे तिला विचारावं आणि तिचं उत्तरही कॅमेऱ्यावरच घ्यावं. काही भाग पुसून टाक म्हणाली तर पुसावा.

माणूस स्वतः बोलायला उभं राहिलं की काय होतं हे या जिल्ह्यानं पाहिलं आहे. 11 जानेवारी 2019 रोजी यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतल्यावर उठलेल्या वादळात ही निवड झाली होती. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर एकटीनं संसार ओढणारी ही बाई अरुणा ढेरे अध्यक्ष असलेल्या त्या व्यासपीठावरून बोलली आणि सभागृहानं ऐकलं. त्या ‘तेरवं’ या नाटकातही होत्या. श्याम पेठकरांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या या नाटकात शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या बायाच रंगमंचावर उभ्या राहिल्या. जिच्या मांडीवर फोटो ठेवून चित्रण केलं जात होतं तीच बाई इथं प्रेक्षकांच्या नजरेला नजर देऊन बोलत होती. म्हाताऱ्या माणसांच्या नोंदीतही हाच फरक साधायचा आहे. प्रश्न त्यांच्या दुःखापुरता नसावा, त्यांच्या सगळ्या आयुष्याचा असावा. लग्नात काय जेवण होतं, पहिल्यांदा यवतमाळ पाहिलं तेव्हा काय वाटलं, कोणाशी मैत्री होती, कशाला हसायचा, हेही विचारलं पाहिजे. दुःख त्यात आपोआप येतंच, पण ते जगण्याच्या सोबतीनं येतं.

ठेवायचं कुठे, करायचं कुणी

चित्रण करणं सोपं झालं तसं हरवणंही सोपं झालं. फोन भरला की पोरं जुने व्हिडिओ पुसतात. फोन पडला, चोरीला गेला की संपलं. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हिडिओ लहान होऊन जातो, त्यात चेहऱ्याची बारीक रेघ राहत नाही. म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी तीन ठिकाणी ठेवावी: एक घरच्या संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी, भावाकडे किंवा लेकीकडे. फाइलच्या नावात माणसाचं नाव, गाव आणि तारीख घालावी. पाच-सात वर्षांनी हार्ड डिस्क बदलावी. एका वहीत कोण, कुठे, कशाबद्दल बोललं ते लिहावं. वही नसेल तर पन्नास वर्षांनी हे कुणाचे आजोबा होते हे कुणी सांगू शकणार नाही.

आणि एक खजिना घरातच पडलेला आहे. 1990 च्या आसपासच्या लग्नांच्या व्हीएचएस कॅसेटी. त्यात आज नसलेले आजोबा पंगतीत वाढताना दिसतात, आजी विहिणीशी बोलताना ऐकू येते. या फितींना बुरशी धरते, त्यांचा लेप उडतो. ज्यांच्या घरी त्या आहेत त्यांनी आणखी वाट पाहू नये. शहरात फोटो स्टुडिओवाले अजून त्या डिजिटल करून देतात. युनेस्कोनं 27 ऑक्टोबर हा दृक्-श्राव्य वारशाचा जागतिक दिवस ठरवला आहे. तो दिवाळीच्या आगेमागेच येतो.

करायचं कुणी, याचं उत्तर जिल्ह्यातच आहे. कॉलेजांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरं दर हिवाळ्यात खेड्यांत होतात. मुलं रस्ता झाडतात, शोषखड्डे खणतात, संध्याकाळी व्याख्यान ऐकतात. त्या सात दिवसांत दोघादोघांच्या जोडीनं गावातल्या सत्तरीपुढच्या प्रत्येक माणसाकडे एकेक संध्याकाळ जायचं ठरवलं तर शिबिर संपेपर्यंत एका गावाच्या दहा-वीस आठवणी जमा होतील. त्याची एक प्रत गावच्या शाळेत, एक गावच्या वाचनालयात आणि एक सांगणाऱ्याच्या घरी राहावी. महाराष्ट्रात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि या जिल्ह्यातही गावोगाव अनुदानावर चालणारी वाचनालयं आहेत. पुस्तकांच्या कपाटाशेजारी गावाच्या आठवणींची एक हार्ड डिस्क ठेवायला त्यांना नवी इमारत लागणार नाही. अमरावती विद्यापीठानं आणि रिद्धपूरच्या मराठी विद्यापीठानं हे काम अभ्यासक्रमात धरलं, मुलांना त्याचे गुण दिले, तर दहा वर्षांत वऱ्हाडातल्या एका पिढीचं जगणं तिच्याच तोंडून नोंदवलेलं राहील.

सरकार, विद्यापीठं जे करतील ते करोत. त्यांची वाट पाहायला आपल्याकडे वेळ नाही. दिवाळीला पुण्या-मुंबईहून, हैदराबादहून, नागपूरहून पोरं घरी येतात. भाऊबीज झाली की परततात. त्या चार-पाच दिवसांतली एक दुपार आजी-आजोबांसाठी काढायची आणि नीट बसून विचारायचं, एवढ्यानं सुरुवात होते. त्यातून शंभर वर्षांनी एखाद्या मुलीला आपल्या खापरपणजीचा चेहरा, तिची बोली, तिचा राग आणि तिचं हसू मिळेल. यवतमाळबद्दल ती जे वाचेल त्यात मरणाचे आकडे पुष्कळ असतील, त्यावरून ती या मुलखाची कीव करेल. पण या मुलखातली माणसं कशी जगली, कशी पेरत राहिली, काय खाऊन, काय गाऊन आणि कुणाच्या आधारानं उभी राहिली, हे तिनं त्यांच्याच तोंडून ऐकलं, तर कीव करण्याऐवजी ती त्यांचा अभिमान धरेल. तो अभिमान तिला द्यायचा की नाही, हे आपल्या हाती आहे आणि ते याच दिवाळीत ठरवायचं आहे.